रात्री अकराचा तो वास नेमका किती किलोचा? कारखान्यांच्या सार्वजनिक प्रदूषण-नोंदवहीबद्दल, सोप्या भाषेत

थंडी पडू लागली की नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली, वाशीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो: "आज परत वास येतोय का?" कुणाला तो सडक्या कोबीसारखा वाटतो, कुणाला नेलपॉलिशसारखा. तळोज्याच्या बाजूला खारघर आणि कळंबोलीतही हेच चालतं.

यामागे साधा भूगोल आहे. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, त्याच्या पश्चिमेला वस्ती आणि वस्तीपलीकडे खाडी. दिवसा वारा खाडीकडून डोंगराकडे वाहतो, रात्री उलटा फिरतो. त्यात हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर सरकत नाही, गोधडीसारखी पसरून राहते. दिवसभर जे उंच जाऊन विरलं असतं ते रात्री आपल्या खिडकीत येतं.

मग तक्रार होते. अधिकारी पाहणीला येईपर्यंत वारा फिरलेला असतो. धुराड्याची तपासणी झाली तर ती बहुतेकदा 'मर्यादेत' निघते. आणि मूळ प्रश्न तसाच राहतो: कोणत्या भूखंडावरून, कोणतं रसायन, वर्षाला किती किलो बाहेर पडतं? याचं उत्तर जिथे कुणालाही, अर्ज न करता, पाहता येतं अशा सरकारी नोंदवहीला जगभर 'प्रदूषक उत्सर्जन आणि हस्तांतरण नोंदवही' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांनी पीआरटीआर. यापुढे नुसतं 'नोंदवही' म्हणू.

मिलिग्रॅम पास, किलोचं काय?

आपले प्रदूषणाचे बहुतेक नियम 'एका लिटरमागे किती' किंवा 'एका घनमीटरमागे किती' या भाषेत आहेत. समजा सांडपाण्यातल्या सीओडीची (म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापाची) मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. दोन कारखाने २०० मिलिग्रॅमचं पाणी सोडतात. दोघेही पास. पण पहिला दिवसाला १० घनमीटर सोडतो आणि दुसरा ५००. पहिल्याकडून रोज २ किलो जातं, दुसऱ्याकडून १०० किलो. खाडीतल्या कोळंबीला लिटरचा हिशेब कळत नाही, तिला किलो भोगावे लागतात.

शिवाय मिलिग्रॅमला फसवणं सोपं. वरणात मीठ जास्त झालं की आपण पाणी ओततो. चव जमते, पण सगळं वरण संपवलं तर पोटात मीठ तेवढंच जातं. सांडपाण्यात साधं पाणी मिसळणं याच जातीचं.

तिसरी अडचण म्हणजे आपण ठरावीक गोष्टीच मोजतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजयंत्रं बसवायला सांगितलं. पाण्यासाठी ती पीएच, बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन), सीओडी, तरंगता गाळ असलं काही दाखवतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये कारखान्यांना एक ते पाच तारे देणारी योजना आणली. ती चांगली होती, पण तारे धुराड्यातल्या धूलिकणांवर ठरत. सीओडी म्हणजे ताप मोजण्यासारखं आहे. ताप आहे हे कळतं, मलेरिया की टायफॉइड ते कळत नाही. पाण्यात टोल्यूइन आहे की अ‍ॅनिलिन, हे सीओडी सांगत नाही.

नोंदवहीची एक ओळ

नोंदवहीच्या एका ओळीत पाच गोष्टी असतात: कारखाना (नकाशावरच्या अचूक जागेसह), वर्ष, रसायन, ते कुठे गेलं आणि किती किलो. 'कुठे गेलं' याचे दोन मोठे भाग आहेत. हवा, पाणी किंवा जमिनीत थेट गेलं तर ते उत्सर्जन. टँकरने, ट्रकने किंवा नळाने दुसऱ्याच्या ताब्यात दिलं तर ते हस्तांतरण, म्हणजे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला (सगळे सीईटीपीच म्हणतात), तळोज्याच्या घातक कचरा केंद्राला किंवा रसायन शुद्ध करून विकणाऱ्याला.

हस्तांतरणाचा रकाना लोकांना बिनमहत्त्वाचा वाटतो. तसा तो नाही. २०१४ मध्ये वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला. तो माल कुठल्या तरी कारखान्याच्या गेटमधून बाहेर पडताना 'हस्तांतरण'च होता.

टोल्यूइनचा ताळेबंद

नोंदवहीचा जीव ज्या गणितात आहे ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. रबाळ्यात औषधांचा कच्चा माल बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. द्रावक म्हणून तो टोल्यूइन वापरतो. द्रावक म्हणजे ज्यात इतर पदार्थ विरघळवून प्रक्रिया करतात, पण जो तयार मालात राहत नाही. टोल्यूइनचा वास थिनरसारखा.

१ एप्रिलला टाकीत ४ टन होतं. वर्षभरात ६० टन विकत घेतलं. ३१ मार्चला ३ टन उरलं. म्हणजे ६१ टन खर्ची पडलं. तयार मालात ते जात नाही, मग गेलं कुठे?

ऊर्ध्वपातनानंतर (उकळून वाफ वेगळी केल्यावर) तळाशी उरणारा चिकट गाळ २८ टन निघाला. त्यात निम्मं टोल्यूइन, म्हणजे १४ टन घातक कचरा केंद्राकडे गेलं. वापरलेलं द्रावक ४० टन पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला विकलं. त्यात ९० टक्के टोल्यूइन, म्हणजे ३६ टन. सीईटीपीला वर्षात ९,००० घनमीटर पाणी गेलं, लिटरला २०० मिलिग्रॅमप्रमाणे १.८ टन. स्क्रबरच्या (वायू धुणाऱ्या यंत्रणेच्या) धुराड्यातून ताशी २,००० घनमीटर हवा, घनमीटरला १५० मिलिग्रॅम, वर्षाचे ७,२०० तास: २.१६ टन. सगळ्यांची बेरीज ५३.९६ टन.

६१ मधून ५३.९६ गेले, उरले साधारण ७ टन. या ७ टनांचा कुठेच पत्ता नाही.

आपल्या सोसायटीतही हे घडतं. पालिकेचं मीटर एक आकडा दाखवतं, सगळ्या फ्लॅटच्या मीटरची बेरीज कमी भरते, आणि फरक म्हणजे गळती हे कमिटीला लगेच कळतं. कारखान्यातली गळती उघड्या सेंट्रिफ्यूजमधून, ड्रम भरताना, पंपाच्या सीलमधून, पाइपच्या जोडांतून, दुपारी तापणाऱ्या टाकीच्या श्वासनळीतून, नीट थंड न झालेल्या कंडेन्सरमधून होते. यातलं काहीच धुराड्यातून जात नाही, म्हणून धुराड्याच्या अहवालात ते दिसत नाही. धुराडं 'पास' असताना वास का येतो, याचं उत्तर बहुतेक वेळा या वजाबाकीत असतं.

हा आकडा काटेकोर नाही, हेही सांगायला हवं. गाळात टोल्यूइन ५० टक्के की ४५, एवढ्या फरकानेच १.४ टन इकडचं तिकडे होतं. विकलेल्या द्रावकाच्या शुद्धतेत ३ टक्के चुकलं तर आणखी १.२ टन. म्हणून खरी गळती साधारण साडेचार ते साडेनऊ टन म्हणावी लागेल. पण 'शून्य' आणि 'साडेचार ते साडेनऊ टन' यांत जो फरक आहे, तो कळावा म्हणूनच हा उद्योग.

कल्पना भोपाळमधून आली, वही अमेरिकेत उघडली

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कारखान्यात गळती झाली. तिथल्या लोकांनी विचारलं, आमच्या शेजारी काय साठवलंय? १९८६ मध्ये कायदा आला, १९८७ या वर्षाचे आकडे गोळा झाले आणि १९८९ मध्ये लोकांसमोर मांडले गेले. आकडे गोळा होत असतानाच, १९८८ मध्ये, मोन्सँटो कंपनीने हवेतलं विषारी उत्सर्जन १९९२ अखेरपर्यंत ९० टक्के कमी करू असं जाहीर केलं. कुणी दंड केला नव्हता. स्वतःच्या कारखान्यांची बेरीज पहिल्यांदाच एका कागदावर आली होती.

मग कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, युरोपीय संघ, मेक्सिको, चिली. २००३ मध्ये कीव्ह इथे या विषयावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला, ८ ऑक्टोबर २००९ पासून तो लागू आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या कुठल्याही सदस्य देशाला त्यात सामील होता येतं. भारत त्यात नाही. माणसं आपली गेली आणि धडा दुसऱ्यांनी गिरवला, असं कुणी म्हटलं तर ते फारसं चूक नाही.

अर्धी नोंदवही आपल्याकडे आहे, पण वेगवेगळ्या कपाटांत

राष्ट्रीय नोंदवही म्हटलं की कारखानदार कपाळाला हात लावतो: आणखी एक फॉर्म! म्हणून आज तो काय काय भरतो ते पाहू.

पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार प्रत्येक संमतीधारक (म्हणजे मंडळाची चालवण्याची परवानगी असलेला) कारखाना दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत 'फॉर्म पाच' म्हणजे पर्यावरण विवरणपत्र देतो. त्याच्या तिसऱ्या भागात बाहेर सोडलेल्या प्रदूषकांचं रोजचं वजन विचारलेलं आहे. होय, वजन, नुसते मिलिग्रॅम नव्हे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार ३० जूनपर्यंत 'फॉर्म चार' हे वार्षिक विवरण जातं. कचऱ्याच्या प्रत्येक गाडीबरोबर 'फॉर्म दहा', म्हणजे सात रंगीत प्रतींचं मॅनिफेस्ट असतं, आणि पाठवणारा, वाहतूकदार, घेणारा आणि मंडळ यांच्यात त्या प्रती वाटल्या जातात. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशानंतर कारखान्याच्या गेटवर रसायनं, सांडपाणी, धूर आणि घातक कचरा यांची माहिती देणारा फलक लावावा लागतो. टीटीसीत फिरलात तर असे फलक दिसतील. फक्त ते वाचायला गेटसमोर उभं राहावं लागतं, आणि मागच्या वर्षीचा आकडा त्यावर मिळत नाही.

म्हणजे कच्चा माल आहे. नाही ते असं: विषारी रसायनांची नावनिशीवार यादी, सगळ्या फॉर्मना जोडणारा एकच कायमचा क्रमांक, आकडे एकमेकांशी ताडून पाहणारी माणसं, आणि लोकांना उघडता येणारा नकाशा.

आखणी: पाच निर्णय, आणि त्यातला अवघड कोणता

पहिला निर्णय यादीचा. युरोपच्या यादीत ९१ प्रदूषक आहेत, ऑस्ट्रेलियाच्या ९३. अमेरिकेने तीनशेच्या आसपास नावांनी सुरुवात केली आणि यादी वाढवत नेली. आपण शंभराच्या आत सुरुवात करणं शहाणपणाचं. पाचशे नावं टाकली तर पहिल्या वर्षी चारशे रकाने रिकामे येतील आणि वहीच बदनाम होईल.

दुसरा आणि खरा अवघड निर्णय उंबरठ्याचा, म्हणजे कितीपासून पुढे कळवायचं याचा. अमेरिकेत तो वापरावर आहे: रसायन बनवत किंवा प्रक्रियेत घेत असाल तर वर्षाला सुमारे ११.३ टन, इतर कामांसाठी वापरत असाल तर साधारण ४.५ टन. जपानमध्ये बहुतेक रसायनांना १ टन, आणि २१ किंवा अधिक कामगार. युरोपात उंबरठा उत्सर्जनावर आहे: हवेत अमोनिया १०,००० किलो, पण पारा फक्त १० किलो. आपल्याकडे वापराचा उंबरठा जास्त बरा. खरेदीचं बिल कुणालाही तपासता येतं. उत्सर्जनाचा उंबरठा ठेवला तर कारखान्याने आधी उत्सर्जन मोजायचं आणि मग मोजायची गरज होती का ते ठरवायचं, असा उलटा कारभार होतो.

बाकीचे तीन थोडक्यात. आकडा मोजलेला, गणिताने काढलेला की अंदाजाचा, हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहायचं. माहिती एकाच खिडकीत, ३० सप्टेंबरलाच भरायची, म्हणजे फॉर्म पाच वेगळा उरणार नाही. आणि देशभर लागू करण्याआधी एका पट्ट्यात दोन वर्षं चाचणी घ्यायची. मेक्सिकोने नव्वदच्या दशकात आधी केरेतारो या एका राज्यात चाचणी घेतली होती. आपल्यासाठी तळोजा किंवा टीटीसी सोयीचं आहे: मध्यम कारखाने, सीईटीपी आणि घातक कचऱ्याचं केंद्र हाकेच्या अंतरावर असल्याने पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आकडा लगेच ताडता येईल.

वही कुठे बिघडते

नावांत. टोल्यूइन, टोल्यूओल, मिथाइल बेंझिन ही एकाच पदार्थाची तीन नावं. म्हणून नावाऐवजी सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक) हवा, टोल्यूइनचा १०८-८८-३. नाहीतर एक रसायन तीन ओळींत विभागून तिन्हीकडे उंबरठ्याखाली जातं.

एककांत. किलोच्या रकान्यात टन भरले की हजारपटीची चूक होते. मागच्या वर्षापेक्षा दहापट वाढ-घट दिसली तर संगणकाने फॉर्म अडवून कारण विचारायला हवं.

जागेत. पत्त्यात अंधेरीचं मुख्य कार्यालय भरलं जातं आणि नकाशावर रसायन अंधेरीत उगवतं. संमतीपत्राचा क्रमांक नूतनीकरणाला बदलतो, कारखाना विकला की नाव बदलतं. त्यामुळे ओळख भूखंडाला बांधलेली हवी.

शून्यात. 'शून्य', 'उंबरठ्यापेक्षा कमी' आणि 'तपासलंच नाही' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकामा रकाना तिन्ही झाकतो.

दुहेरी मोजणीत. कारखाना म्हणतो १.८ टन सीईटीपीला दिलं आणि सीईटीपीही काही खाडीत सोडल्याचं लिहितो. दोन्ही एकत्र मिळवायचे नसतात. सीईटीपीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. टोल्यूइन उडून जाणारं आहे, आणि पाण्यात हवा घुसळणाऱ्या टाकीत त्यातलं बरंच हवेत जातं. पाणी 'शुद्ध' निघतं, वास शेजाऱ्याला मिळतो. क्रोमियम, निकेलसारखे धातू उलट गाळात बसतात. म्हणून सीईटीपीलाही नोंदवहीत स्वतंत्र ओळ हवी.

आणि सगळ्यात फसवी चूक म्हणजे कागदावरची घट. अंदाजाची पद्धत बदलली की आकडा निम्म्यावर येतो, रिअ‍ॅक्टर तोच राहतो. किंवा उत्पादनच घटलेलं असतं. म्हणून किलोंबरोबर उत्पादन मागच्या वर्षाच्या किती पट झालं, हा आकडाही मागायचा.

"धंद्याचं गुपित फुटेल"

वर्षाला किती किलो टोल्यूइन हवेत गेलं यावरून औषधाची कृती कुणाला कळत नाही. खरंच एखादं नाव गुपित असेल तर अमेरिकेत कारण देऊन त्याऐवजी रसायनाचा गट लिहिता येतो, मात्र किलो द्यावेच लागतात. आपल्या फॉर्म पाचमध्येही करारामुळे नाव देता येत नसेल तर कच्च्या मालासाठी सांकेतिक खूण वापरायची सोय आहेच. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ड) व्यापारी गुपिताला संरक्षण देतं, पण व्यापक सार्वजनिक हित असेल तर माहिती देता येते, असंही तेच कलम म्हणतं.

"लहान कारखानदार यात मरेल"

या आक्षेपात तथ्य आहे. बारा कामगारांच्या गाळ्यात वेगळा पर्यावरण अधिकारी नसतो. पण अशा शंभर गाळ्यांची बेरीज एका मोठ्या कारखान्याएवढी होऊ शकते, म्हणून त्यांना सोडूनही चालत नाही. जपानने मधला मार्ग काढला: उंबरठ्याखालच्यांनी फॉर्म भरायचा नाही, त्यांचा एकत्रित अंदाज सरकारने बांधून वेगळा छापायचा. वाहनं आणि शेतीच्या औषधांचंही तिथे तसंच होतं.

"खोटं लिहिलं तर?"

लिहितील. म्हणून एकच आकडा दोन टोकांकडून यायला हवा. कारखाना म्हणतो २८ टन गाळ पाठवला, केंद्राच्या वजनकाट्यावर २१ टनच आला, तर ७ टन वाटेत कुठे उतरले? खरेदीची बिलं, विकलेलं द्रावक आणि मॅनिफेस्ट यांचा मेळ एकट्याला खोटा बसवणं कठीण जातं. एकाच प्रकारचा माल बनवणारे चार कारखाने दर टनामागे पाच किलो लिहीत असतील आणि पाचवा अर्धा किलो, तर तपासणी पाचव्याकडे आधी जाते. पर्यावरण कायद्याखालचा दंड १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपये असा झाला आहे. मोठ्या कंपनीला तो फार नाही. चारचौघांत दिसणारा आकडा तिला जास्त टोचतो.

"लोक घाबरतील, घरांचे भाव पडतील"

घर घ्यायला रात्री आलेल्या माणसाला वास येतोच. त्याला नाव मिळाल्याने तो वाढत नाही. मात्र नुसते किलो छापणं धोक्याचं आहे. १ किलो टोल्यूइन आणि १ किलो हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियम धातूचं कर्करोगकारक रूप) सारखे नाहीत. डायॉक्सिन तर इतकं विषारी की अमेरिकेत ते ग्रॅममध्ये कळवतात. म्हणून प्रत्येक रसायनाला त्याच्या विषारीपणाबद्दलचं साध्या मराठीतलं पान जोडलेलं हवं.

नोंदवही काय सांगणार नाही

तुमच्या फुप्फुसात किती गेलं हे ती सांगत नाही, तो वारा, अंतर आणि तासांचा प्रश्न आहे. स्फोटाचा इशाराही देत नाही. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाले. अशा अपघातांसाठी वर्षभराच्या उत्सर्जनाची बेरीज नव्हे, तर साठ्याची यादी लागते, आणि तिच्यासाठी १९८९ चे घातक रसायनांचे नियम वेगळे आहेत. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, पण खाडीत येणारं न शुद्ध केलेलं घरगुती सांडपाणीही कारखान्यांच्या नोंदवहीत दिसणार नाही.

वही येईपर्यंत

मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली एका कारखान्याची, एकाच आर्थिक वर्षाची तीन कागदपत्रं मागता येतात: संमतीपत्र, फॉर्म चार आणि फॉर्म पाच. कारखान्याचं नाव आणि भूखंड क्रमांक दोन्ही लिहा, उत्तराची मुदत ३० दिवस. संमतीपत्रात घातक कचऱ्याचे क्रमांक शोधा: औषध कारखान्यात २८.१ म्हणजे प्रक्रियेतला गाळ, २८.६ वापरलेलं द्रावक, ३५.३ सांडपाणी प्रक्रियेचा गाळ. त्यासमोर परवानगीचं प्रमाण असतं. तेच क्रमांक फॉर्म चारमध्ये आणि फॉर्म पाचच्या चौथ्या भागात पाहा. संमती ३० टनांची, फॉर्म चारमध्ये २८ आणि फॉर्म पाचमध्ये ११ टन असं दिसलं, तर पुढचा अर्ज वासाबद्दल करू नका. या १७ टनांच्या फरकाबद्दल करा, आणि त्या वर्षाच्या २८.१ च्या सगळ्या मॅनिफेस्टची यादी, तारीख आणि वजनासह, मागा.